नळी बांधली, पुढे काय?

लोणी काळभोरमध्ये राहून पाइपलाइन माहीत नाही असा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी सापडणं कठीण! मुंबईहून निघालेली पेट्रोल-डिझेलची पाइपलाइन इथल्या टर्मिनलला येते, पुढे सोलापूरजवळच्या पाकणीपर्यंत जाते, आणि टँकरची रांग तर आपण रोजच बघतो. अशा लाइनचा एखादा तुकडा खराब झाला तर काय करायचं हे आपल्याला पाठ आहे. तेवढा भाग कापायचा, त्याच व्यासाचा नवीन तुकडा बसवायचा, दोन्ही टोकांना वेल्डिंग करायचं, जोडाचा एक्स-रे काढायचा, आणि लाइन चालू!

आपल्या गळ्यातसुद्धा अशीच एक लाइन आहे. तिच्या वरच्या टोकाला कॅन्सर झाला तर काही पेशंटमध्ये सर्जन तो भाग काढतात आणि तिथे शरीरातल्याच दुसऱ्या जागेचा तुकडा आणून नवी अन्ननलिका बांधतात. हे मेसमध्ये कुणालाही सांगून बघा. लगेच उत्तर येतं, "म्हणजे पाइप रिप्लेसमेंट! सोपं आहे की मग." मला वाटतं, हे उत्तर निम्मंच बरोबर आहे. आणि जे निम्मं राहून जातं ते डॉक्टरांइतकंच आपलंही काम आहे. हा लेख त्यासाठीच.

आधी थोडी माहिती. अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब असते. त्यातला मानेतला भाग जेमतेम ५ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या खोडरबरापेक्षा थोडासाच मोठा. पण ही ५ सेंटिमीटरची जागा किती अडचणीची! समोर श्वासनलिका आणि स्वरयंत्र, मागे मणका, दोन्ही बाजूंना मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या रोहिण्या. शिवाय आतड्यावर बाहेरून जे पातळ, चिवट आवरण असतं ते अन्ननलिकेला नसतं. त्यामुळे कॅन्सर शेजारी लवकर पसरतो आणि टाकेही तितके घट्ट बसत नाहीत.

म्हणूनच या जागेच्या कॅन्सरला आज बऱ्याचदा आधी रेडिएशन आणि केमोथेरपी देतात, म्हणजे स्वरयंत्र वाचतं. त्याने भागलं नाही, किंवा आजार परत आला, तर ऑपरेशन. आणि तेव्हा बहुतेक वेळा घशाचा खालचा भाग, अन्ननलिका आणि स्वरयंत्र हे सगळंच काढावं लागतं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे 'इसोफॅगस' हा शब्द स्पेलिंगसकट पाठ केला आणि परीक्षेनंतर विसरून गेले. मराठीत त्याला अन्ननलिका म्हणतात, म्हणजे नळीच. पण गंमत बघा, घरात कुणी अन्ननलिका हा शब्द वापरतच नाही. घरात असतो घास, घोट, आवंढा, ठसका, उचकी. हे सगळे शब्द नळीचे नाहीत, हालचालीचे आहेत! आपली रोजची भाषा इथे शास्त्राच्या जास्त जवळ आहे असं मला वाटतं. कारण अन्ननलिका हा पाइप नसून पंप आहे. तिच्या तोंडाशी एक स्नायूंचा व्हॉल्व्ह असतो. तो एरवी बंद असतो आणि घास आला की क्षणभर उघडतो. त्याच क्षणी स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासाची वाट बंद होते, आणि पुढे लाटेसारखी आकुंचनं घासाला खाली ढकलतात. आडवं झोपून पाणी प्यायलं तरी ते पोटात जातं ते याच पंपामुळे.

आता सर्जनपुढचा प्रश्न असा की या पंपाच्या जागी बसवायचं काय?

यामागे दीडशे वर्षांची धडपड आहे. १८७७ साली चेर्नी नावाच्या जर्मन सर्जननी मानेतल्या अन्ननलिकेचा कॅन्सर पहिल्यांदा यशस्वीपणे काढला. पण मधली जागा भरून काढायचं तंत्रच नव्हतं. त्या बाईंना नंतर गळ्यातल्या छिद्रातून अन्न द्यावं लागलं. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक यांनी छातीतली अन्ननलिका काढली आणि वरचं टोक आणि पोट जोडायला चक्क एक रबरी नळी शरीराबाहेरून लावली. जेवताना नळी लावायची, जेवण त्यातून पोटात. त्या बाई अशा १२ वर्षांहून जास्त जगल्या! जुगाड म्हणा, पण जुगाडाने माणूस जगला.

पुढे १९४२ मध्ये टोरोंटोच्या वूकी यांनी मानेच्याच कातडीची घडी घालून नळी बनवायची पद्धत मांडली. त्यात एकापेक्षा जास्त ऑपरेशनं आणि मध्ये लांबलचक वाट बघणं. १९५९ मध्ये सायडनबर्ग यांनी पोटातल्या लहान आतड्याचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढून मानेत बसवला आणि त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडल्या. १९६० मध्ये हाँगकाँगच्या ओंग आणि ली यांनी आख्खं जठर छातीतून वर ओढून घशाला जोडल्याचं प्रसिद्ध केलं. त्यानंतर छातीचा स्नायू, हाताची कातडी, मांडीची कातडी असे पर्याय येत गेले.

आज यातलं काय वापरायचं हे किती भाग काढला यावर ठरतं. फक्त मानेतला भाग गेला असेल तर आतड्याचा तुकडा, किंवा मांडीच्या नाहीतर हाताच्या कातडीची गुंडाळी करून केलेली नळी. अन्ननलिका पूर्ण काढली असेल तर जठर वर ओढतात. आतड्याच्या तुकड्याची रोहिणी दोन-तीन मिलिमीटर जाडीची असते आणि ती मायक्रोस्कोपखाली केसापेक्षा बारीक धाग्याने शिवतात. आतड्याची दिशासुद्धा बघावी लागते. आतड्याची लाट एकाच दिशेने जाते, त्यामुळे तुकडा उलटा बसवला तर घास वर ढकलला जाणार. आपल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर बाण असतो ना, तसाच प्रकार!

आणि जोड? तिथे तर आपली पाइपलाइनच आठवते. काही दिवसांनी पेशंटला एक्स-रेमध्ये दिसणारं औषध गिळायला देतात आणि कुठे गळतंय का बघतात. गळत असेल तर ते साधं नाही. लाळ बाहेर झिरपते, जंतुसंसर्ग होतो, शेजारच्या रोहिणीची भिंत त्याने कुजली तर जीवच जातो. आधी रेडिएशन झालेलं असेल तर जखम भरायला आणखी वेळ लागतो. पाइपलाइनचं वेल्डिंग पोलादावर असतं, इथे जोड जिवंत मांसावर असतो, आणि ते मांस आधीच भाजून निघालेलं असतं.

समजा, हे सगळं उत्तम पार पडलं. जोड गळत नाही, कॅन्सर गेला, पेशंट घरी आला. आता 'लाइन चालू' म्हणायचं का?

माझं म्हणणं इथून सुरू होतं. मांडीच्या कातडीची नळी हलत नाही, त्यामुळे घास निव्वळ वजनाने खाली जातो. आतड्याचा तुकडा हलतो, पण स्वतःच्या तालावर. गिळण्याशी त्याचा मेळ नसतो, मग घास मध्येच अडकल्यासारखा होतो. जठर वर ओढलं असेल तर पोट नावाची टाकीच राहत नाही, थोडं थोडं पाच-सहा वेळा खायचं, आणि उशाला उंच करून झोपायचं, नाहीतर सगळं घशाशी येतं. थोडक्यात, पाइप मिळाला, पंप नाही मिळाला.

दुसरी गोष्ट आवाजाची. स्वरयंत्र गेलं की माणूस गळ्यातल्या छिद्रातून श्वास घेतो, कायमचा. नाकातून हवाच जात नाही म्हणून वास कमी येतो. पोहता येत नाही. गरम चहावर फुंकर मारता येत नाही. आणि बोलता येत नाही. ज्याने आयुष्यभर बाजार समितीत भाव पुकारला, किंवा वर्गात शिकवलं, किंवा नातवाला हाक मारली, त्याचा आवाज एका सकाळी संपतो.

यावर कुणी ना कुणी म्हणतंच, "तंबाखू खाल्ली, भोगा आता." हे वाक्य मी हॉस्टेलमध्येही ऐकलंय. तंबाखूचा संबंध खरा आहे, त्यात वाद नाही. आणि तो शोधण्यात आपल्या मुंबईचं नाव आहे. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं. १९५५ साली संघवी, राव आणि डॉ. व्ही. आर. खानोलकर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुंबईतल्या पेशंटांच्या अभ्यासावरून तंबाखू चघळणं, विडी-सिगरेट ओढणं आणि तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतच्या कॅन्सरचा संबंध मांडला. म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वी हे आपल्याच राज्यात सांगून झालंय! त्यानंतर २००३ च्या कायद्याने शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला बंदी आली, २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी आली. तरी पुडी कुठे मिळते हे कुणाला विचारावं लागत नाही. तेव्हा टपरीवरच्या मित्रांनो, हे तुमच्यासाठीही आहेच.

पण "भोगा" म्हणणाऱ्यांना दुसरी बाजू माहीत नसते. स्वरयंत्राच्या बरोबर मागे, जिथे घसा संपून अन्ननलिका सुरू होते, तिथला कॅन्सर कधीही तंबाखूला हात न लावलेल्या बायकांनाही होतो, आणि त्याचा संबंध वर्षानुवर्षांच्या लोहाच्या कमतरतेशी जोडलेला आहे. १९१९ मध्ये पॅटरसन आणि केली या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी या दुखण्याचं वर्णन केलं होतं. रक्त कमी, गिळायला त्रास, घशात पातळ पडदा, आणि त्यातल्या काहींना पुढे कॅन्सर. आपल्याकडे घरात सगळ्यांत शेवटी जेवणारी आणि उरलंसुरलं खाणारी कोण असते? तिला काय म्हणणार, "भोगा"? (मुलींच्या हॉस्टेलमध्ये हिमोग्लोबिन तपासणीच्या दिवशी दांड्या मारणाऱ्यांनीही हे वाचावं!)

माझ्या मते आजारी माणसाला चारित्र्याचा दाखला विचारायचा नसतो. त्याला घास गिळता यावा आणि हाक मारता यावी एवढंच बघायचं असतं.

आणि इथे आपण येतो. सर्जनने त्याचं काम केलं. उरलेल्या कामाची यादी करा: व्हॉल्व्ह, दाब, प्रवाह, दाटपणा, कंपन, ध्वनी, फिल्टर. हा तर आपला सिलॅबस झाला!

आवाजाचंच घ्या. श्वासनलिका आणि नवी अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत एक छोटं छिद्र करून त्यात सिलिकॉनचा वन-वे व्हॉल्व्ह बसवतात. पेशंट बोटाने गळ्यातलं छिद्र बंद करतो, फुप्फुसातली हवा व्हॉल्व्हमधून नळीत जाते, नळीची भिंत थरथरते, आणि आवाज येतो. अमेरिकेत ब्लॉम आणि सिंगर यांनी १९८० मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. त्यातले ब्लॉम सर्जन नव्हते, स्पीच थेरपिस्ट होते, हे लक्षात घ्या. व्हॉल्व्ह कमी दाबाला उघडला पाहिजे, नाहीतर बोलताना दम लागतो. पण घट्ट मिटलाही पाहिजे, नाहीतर चहा फुप्फुसात! त्यात सिलिकॉनवर बुरशी वाढते आणि काही महिन्यांत व्हॉल्व्ह गळायला लागतो. परदेशी व्हॉल्व्हची किंमत हजारोंत, आणि तो पुन्हा पुन्हा बदलायचा. बेंगळुरूचे कॅन्सर सर्जन डॉ. विशाल राव यांनी एका उद्योजक मित्राच्या मदतीने 'ओम' नावाचा व्हॉल्व्ह तयार केला, साधारण ५० रुपयांत. २०१५-१६ च्या सुमारास त्याच्या बातम्या सगळीकडे आल्या होत्या. याला म्हणतात प्रोजेक्ट!

दुसरा उपाय म्हणजे इलेक्ट्रोलॅरिंक्स. टॉर्चएवढं यंत्र, मानेला लावायचं, ते कंप पावतं आणि तोंडाने शब्दांचा आकार द्यायचा. पण नवी नळी बांधलेल्या, रेडिएशन झालेल्या मानेची कातडी जाड आणि कडक असते, कंपन आत पोचत नाही. आणि एक खास आपली अडचण आहे. यंत्र सतत गुणगुणत असतं, त्यामुळे 'प' चा 'ब' ऐकू येतो. फुप्फुसातली हवा तोंडात येत नाही, म्हणून 'ख', 'थ', 'फ' यांतला हकार पडतो. 'ह' तर जवळजवळ जातोच. इंग्रजीत चालून जाईल कदाचित, पण मराठीत? पार, फार, बार, भार हे चार वेगळे शब्द आहेत. ताट, थाट आणि दाटही वेगळे. 'हो' म्हणायला गेलं तर 'ओ' ऐकू येणार. मराठी बोलणाऱ्यांची ही अडचण मराठी बोलणाऱ्या इंजिनिअरनी नाही सोडवायची तर कुणी?

मग आपण काय करतो? फायनल इयर आलं की लाइन फॉलोअर रोबोट, नाहीतर ऑटोमॅटिक स्ट्रीट लाइट. तपकीर गल्लीतून पार्ट आणायचे, मागच्या वर्षीचा रिपोर्ट कव्हर बदलून बाइंड करायचा, व्हायवा झाला की मॉडेल कपाटावर. पैसे देऊन आख्खा प्रोजेक्टही तयार मिळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या कपाटावरच्या रोबोटची वाट कुणी बघत नसतं, पण व्हॉल्व्हची वाट बघणारा माणूस खरोखर आहे.

"आपल्या कॉलेजला हे झेपणार नाही" असं म्हणणारे असतील. पेशंटच्या अंगात काही बसवायचं म्हणजे एथिक्स कमिटी, २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, डॉक्टरांची जबाबदारी, हे सगळं हवंच. ते डावलून कुणी काही करू नये. पण अंगात न बसवता करता येण्यासारखं किती आहे बघा.

एक, मेकॅनिकलवाल्यांसाठी: व्हॉल्व्ह तपासायचा टेस्ट रिग. किती दाबाला उघडतो, किती प्रवाह देतो, उलट दाबाला किती गळतो, हजार वेळा उघडझाप केल्यावर काय होतं. पाण्याचा मॅनोमीटर आणि एक छोटा पंप एवढ्यात सुरुवात होते.

दोन, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरवाल्यांसाठी: मराठी शब्दांच्या जोड्यांची यादी करायची, संमती देणाऱ्या पेशंटांचं बोलणं स्पीच थेरपिस्टच्या मदतीने रेकॉर्ड करायचं, कुठले आवाज एकमेकांत मिसळतात ते मोजायचं. पुढे यंत्राच्या कंपनात काय बदल करायचा, हे त्यावरून कळेल.

तीन, फूड टेक्नॉलॉजीवाले किंवा ज्याला कुणाला जेवणात रस आहे त्यांच्यासाठी: गिळायला त्रास असणाऱ्यांचं अन्न किती दाट असावं याची एक आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, ० ते ७ अशी. त्यातले पातळ पदार्थ मोजायला लागते फक्त १० मिलिलिटरची सिरिंज! पदार्थ भरायचा, १० सेकंद वाहू द्यायचा, किती उरला ते बघायचं. वरणाचं पाणी, ताक, नाचणीची आंबील, तांदळाची पेज, रव्याची खीर यांचा असा तक्ता करून मराठीत छापला तर घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईला तो आजच वापरता येईल. तिला डाएटचा छापील कागद मिळतो त्यात 'सेमी-सॉलिड' असं लिहिलेलं असतं. सेमी-सॉलिड म्हणजे पेज का मऊ भात, तिने ठरवायचं कसं?

यातल्या एकाही गोष्टीला लाखो रुपये लागत नाहीत. लागतं ते आधी जाऊन विचारणं. सोलापूर रोडवर विश्वराज हॉस्पिटल आहे, पुण्यात ईएनटीचे आणि स्पीच थेरपीचे विभाग आहेत, परळ एका रात्रीच्या प्रवासाएवढंसुद्धा लांब नाही. आपण आयडिया घेऊन जाऊ नये, वही घेऊन जावं. "तुम्हाला काय अडतं?" एवढंच विचारावं आणि गप्प बसून ऐकावं. ज्याला बोलायला त्रास होतो त्याचं ऐकायला आपल्याला जरा जास्त वेळ लागेल, तो द्यावा.

सर आणि मॅडमना एक विनंती. यंदाच्या प्रोजेक्टच्या यादीत हे तीन विषय घाला. घेणारा एकच ग्रुप निघाला तरी चालेल. आणि मार्क देताना मॉडेलवर किती एलईडी लुकलुकतात हे बघू नका. ज्याच्यासाठी केलं त्या माणसाला किती वेळा भेटून आलात, हे विचारा.

मित्रमैत्रिणींनो, यादीतला कुठला विषय तुम्हाला करावासा वाटतो? नोटीस लागायची वाट बघू नका. गाइडला आजच विचारा!